मोप वाजली

मित्रांनो, मी एक जुनी घंटा आहे. शिरूर अनंतपाळ तालुक्यातल्या एका लहान गावात, आडाच्या काठाशी, दोन लोखंडी खांबांच्या मध्ये मी टांगलेली आहे. गावात मला 'मोप' म्हणतात. हे माझे खरे नाव नव्हे. ते वाचण्यातल्या चुकीतून आले. माझ्या आयुष्यात वाचण्याच्या आणि ऐकण्याच्या चुका बऱ्याच झाल्या, आणि त्यांतल्या दोन चुकांनी माणसे नेली. तेवढ्यासाठी मी आज तोंड उघडते आहे. एरवी घंटेचे तोंड कायम उघडेच असते, म्हणा.

माझा जन्म रशियातला. तो देश तुम्ही नकाशावर पाहिला असेल. आता तर आपल्या लातूरकडची पोरे डॉक्टरकी शिकायला तिकडे जातात. तिथल्या एका थंड नदीच्या काठी तांबे आणि कथील वितळवून मला मातीच्या साच्यात ओतले. साचा फोडल्यावर कारागिराने माझ्या काठावर लाकडी हातोडीचा एक टोला मारला आणि आवाज पार विरेपर्यंत तो कान लावून उभा राहिला. मग त्याने समाधानाने मान हलवली. माझ्या पोटावर त्याने एक ओळ उठवली होती. 'समुद्रावर जाणाऱ्यांसाठी' असा तिचा अर्थ होता. मला तेव्हा समुद्र ठाऊक नव्हता. कोणीतरी माझी वाट पाहत असणार, एवढेच मला वाटले.

माझी वाट पाहत होते एक लढाऊ जहाज. ओक झाडाच्या जाड फळ्यांचे, तीन उंच डोलकाठ्यांचे, दोन्ही कुशींना तोफांच्या खिडक्या असलेले. त्याचे नाव लास्तोच्का, म्हणजे पाकोळी. इतक्या अवजड जहाजाला इतक्या चिमुकल्या पाखराचे नाव का दिले, ते देणाऱ्यालाच माहीत. पण सगळी शिडे उभारून ते पहिल्यांदा समुद्रात निघाले, तेव्हा मला ते नाव पटले.

जहाजावर मला फार मान होता, मित्रांनो. वाळूचे घड्याळ दर अर्ध्या तासाने उलटे केले जाई आणि मला टोला पडे. माझ्या टोल्यावर पहारे बदलत, माझ्या टोल्यावर जेवणे होत, माझ्या टोल्यावर माणसे झोपत आणि उठत. माझी देखभाल मत्वेय नावाच्या खलाशाकडे होती. तो खेड्यातला शेतकऱ्याचा मुलगा होता आणि त्याला पोहता येत नव्हते. तेव्हाच्या पुष्कळ खलाशांना येत नसे. विटेची भुकटी ओल्या फडक्यावर घेऊन तो मला रोज घाशी, आणि घासताना आपल्या आईच्या गोष्टी मला सांगे. मी काही बोलत नसे, म्हणून त्याला मी आवडत असावे.

एका लढाईत तोफेचा गोळा मला घासून गेला. मी फुटले नाही, पण पोटावरची ओळ चेपली. तिच्यातला शेवटचा, चार अक्षरांचा एकच शब्द उरला. कप्तानाने येऊन पाहिले आणि म्हणाला की आवाज शाबूत आहे, मग अक्षरे गेली तरी चालतील. त्या दिवशी जहाजावर माझी वाहवा झाली. मत्वेयने मात्र चेपलेल्या जागेवरून बराच वेळ अंगठा फिरवला.

पुढे पाकोळीला लांबच्या सफरीवर धाडले. सोबतीला आणखी एक जहाज होते. आफ्रिकेला वळसा घालून आम्ही तुमच्या या देशाजवळच्या समुद्रात आलो आणि वादळात सापडलो. मधली डोलकाठी मोडली, कोठारात पाणी शिरले, तोफांची दारू भिजून चिखल झाली. मुंबई बंदर गाठून डागडुजी करावी असे ठरले. पण कोकणच्या किनाऱ्याजवळ इतका दाट धुरकट पाऊस लागला की जहाजाच्या एका टोकावरून दुसरे टोक दिसेना. त्या पावसात पाकोळी पाण्याखालच्या खडकावर चढली. तळाच्या फळ्या फुटल्याचा आवाज मी आजही विसरलेले नाही.

आता एक गोष्ट नीट समजून घ्या, कारण पुढचे सगळे तिच्यावरच आहे. समुद्रावर संकट आले की तोफ उडवायची, असा नियम. घंटा असते ती धुक्यासाठी. धुक्यात घंटा ऐकू आली की दुसऱ्या जहाजाने समजायचे, इथे कोणीतरी आहे, टक्कर होईल, आपण लांब व्हावे. आमची दारू भिजलेली. तोफ उडेना. मग मत्वेयने माझा दोर धरला आणि जीव खाऊन मला वाजवू लागला. 'या, या' असे तो वाजवत होता. सोबतच्या जहाजाने ते ऐकले. मध्येच पाऊस थोडा विरळ झाला, तेव्हा मला ते जहाज दिसले. त्याची आमच्याकडे पाठ होती. नियमाप्रमाणे ते आमच्यापासून लांब चालले होते.

मत्वेयने दोर सोडला नाही. पाणी त्याच्या छातीशी आले, मग माझ्या काठाशी आले, आणि पाण्यात घंटा वाजत नाही. काही माणसे फळ्यांना धरून किनाऱ्याला लागली. तिथल्या कोळ्यांनी त्यांना होड्यांतून ओढून घेतले. बाकीची पाकोळीबरोबर गेली. मत्वेयही गेला.

समुद्राच्या तळाशी मी किती वर्षे पडून होते ते सांगता येणार नाही. तिथे अर्धा तास मोजणारे कोणी नव्हते. माझा आतला लोलक गंजून गळून पडला. अंगावर शिंपले चढले. शेवटी एका कोळ्याच्या जाळ्यात मी अडकले, आणि हातोहात फिरत मुंबईच्या जुन्या बाजारात जाऊन बसले. तिथे शेषेराव गुरुजींनी मला पाहिले.

शेषेराव गुरुजींनी या गावात नवी शाळा काढली होती आणि ते प्रशिक्षणासाठी मुंबईला आले होते. शाळेला घंटा नव्हती. रुळाचा तुकडा टांगून काम चाले. गुरुजींनी मला वळकटीत गुंडाळले, आगगाडीने लातूरला आणले आणि तिथून बैलगाडीने गावात. लोलकाच्या जागी बैलगाडीच्या आसाचा तुकडा बांधला. आवाज थोडा घोगरा झाला, पण झाला.

माझ्या पोटावरची चार अक्षरे पाहून गुरुजी हरखले. त्यांना इंग्रजी येत होते. त्यांनी पोरांना गोळा केले आणि एकेका अक्षरावर छडी ठेवून वाचून दाखवले: एम, ओ, पी, ई. शेवटच्या ई-चा उच्चार होत नाही, असेही समजावले. म्हणजे झाले मोप. आपल्याकडे मोप म्हणजे पुष्कळ, भरपूर. पोरांनी विचारले की इंग्रजांच्या घंटेवर आपला शब्द कसा आला. गुरुजींनी थोडा विचार केला आणि सांगितले की चांगला शब्द कोणीही उचलतो. त्यांची चूक काढायला गावात दुसरे कोणी नव्हते, आणि मला बोलता येत नाही.

अशी मी मोप झाले. 'मोप झाली का रं' म्हणजे शाळा सुटली का. मला ते नाव आवडू लागले होते, हे लपवत नाही. किती पोरे माझ्या आवाजावर धावत आली आणि धावत घरी गेली. त्र्याण्णव साली किल्लारीचा भूकंप झाला, तेव्हा आमचेही गाव हादरले. कोणी हात न लावता मी वाजले. माणसे नेसत्या कपड्यांनिशी बाहेर आली आणि शाळेच्या मैदानात जमली. शाळेची एक भिंत पडली, पण गावात जीव कोणाचा गेला नाही. मोपने जागे केले, असे म्हातारी माणसे सांगू लागली. खरे तर जमिनीनेच जागे केले होते. पण माझ्या आवाजावर माणसे रिकाम्या हातांनी धावली, ती फक्त तेव्हाच.

मग दिवस पालटले. गावातली पोरे बसमध्ये बसून इंग्रजी शाळेत जाऊ लागली. पट कमी झाला आणि एक दिवस शाळा बंद झाली. शाळेला लागूनच केवळाबाईंचे घर आहे. शाळेत खिचडी शिजवायचे काम त्या करत. किल्ली त्यांच्याकडे राहिली, आणि माझा दोरही.

त्या वर्षांत पाऊस रुसला होता. गावाला टँकरने पाणी येई आणि टँकर शाळेच्या मैदानात उभा राही. रस्त्यावर त्याची धूळ दिसली की केवळाबाई मला वाजवत. मोप वाजली की बाया हंडे, घागरी, कॅन, लेकरांच्या हातात कळश्या, जे असेल ते घेऊन निघत आणि मैदानात ओळ लावत. जितकी भांडी जास्त तितके बरे, म्हणून घरातली सगळी भांडी गोळा करून मगच बाहेर पडत. पुरुष येत नसत. पाणी भरणे हे बायांचे काम, असे इथे सगळ्यांनी कधीचेच ठरवून टाकले आहे. बायका माझ्या आवाजावर उठत आणि पुरुष कूस बदलत.

माझ्यावर 'समुद्रावर जाणाऱ्यांसाठी' असे लिहिले होते, आणि मी वाजत होते घोटभर पाण्यासाठी. याचे मला हसू येई. तेव्हा येई.

केवळाबाईंची सून पुनम. मुलगा पुण्याला कंपनीत, आणि नात ऋतुजा लातूरला डॉक्टरकीच्या परीक्षेची तयारी करत राहिलेली. घरी सासू आणि सून दोघीच. त्या उन्हाळ्यात टँकर बिघडला आणि काही दिवस आलाच नाही. शाळेमागच्या आडाच्या तळाशी थोडे पाणी पाझरून साचत असे. वरून घागर सोडली की गाळ ढवळे, म्हणून एकीने खाली उतरायचे, तांब्याने वरचे पाणी घागरीत भरायचे, आणि दुसरीने वरून ओढून घ्यायचे. त्या दुपारी पुनम उतरली. घागर वर आली आणि केवळाबाईंनी दोर परत खाली सोडला. पुनम वर येताना पायाखालचा दगड निसटला आणि ती खाली पडली. तिच्या हाताला गुंडाळलेला दोरही केवळाबाईंच्या हातून सुटून खाली गेला.

केवळाबाईंनी वाकून पाहिले. पुनम पालथी पडली होती आणि हलत नव्हती. त्यांनी हाका मारल्या, पण भर उन्हात सगळी घरे बंद होती आणि वारा सुटला होता. जवळ होते ते एकच. त्या धावत माझ्याकडे आल्या आणि त्यांनी माझा दोर धरला.

त्या हातांची ओढ मी ओळखली, मित्रांनो. अशी ओढ मला आयुष्यात एकदाच लागली होती. मी होता तेवढा आवाज काढला. गावभर ऐकू गेले. सगळ्यांनी ऐकले. आणि सगळ्यांना वाटले, टँकर आला.

बाया भांडी गोळा करू लागल्या. किती दिवसांनी पाणी आले म्हणून कोणी माळ्यावरचे जुने हंडेही काढले. गावात हणमंतराव नावाचा माणूस आहे. आडातला गाळ काढायला त्याच्यासारखा खाली उतरणारा दुसरा नाही. त्याआधी दोन माणसे त्याने जिवंत वर काढली होती. तो आपल्या दारात लिंबाखाली बाजेवर पडला होता. त्याने बायकोला सांगितले की मोप वाजली, जा, आणि तो परत आडवा झाला.

बाया मैदानात आल्या. त्यांनी भांड्यांची ओळ लावली. दोघींची नंबरावरून बाचाबाचीही झाली. मग एकीच्या लक्षात आले की टँकर दिसत नाही आणि केवळाबाई दोर सोडत नाहीत. विचारले तर त्यांना धाप लागलेली. आड आणि पुनम, एवढेच दोन शब्द त्यांच्या तोंडून निघाले. भांडी तिथेच टाकून बाया आडाकडे पळाल्या. दोर कोणाकडेच नव्हता. टँकरला दोर लागत नाही. मग कोणी हणमंतरावाकडे धावले. तो आला, खाली उतरला, पुनमला खांद्यावर घेऊन वर आला. तोवर ती गेली होती.

शिरूरच्या डॉक्टरांनी सांगितले की डोक्याचा मार फार मोठा नव्हता. तोंड पाण्यात होते. कोणी थोडे आधी तिला नुसते उताणे केले असते तरी ती जगली असती. आडात पाणी गुडघाभर होते.

त्यानंतर गावाला माझा आवाज नको झाला. मी अपशकुनी ठरले. पंचायतीने भोंगा बसवला, टँकरचा निरोप मोबाईलवर येऊ लागला, आणि मला मोडीत काढायचे ठरले. तसे झाले असते तर बरे, असे मलाही वाटत होते. दोन वेळा जीव तोडून हाक मारली, दोन्ही वेळा ऐकणाऱ्यांनी भलतेच ऐकले. अशा घंटेने कशाला राहावे?

मला उतरवायला माणसे आली तेव्हा केवळाबाई दारात बसल्या होत्या. सून गेल्यापासून त्या कोणाशी फारसे बोलत नव्हत्या. त्या उठल्या नाहीत, ओरडल्या नाहीत.

"मोपनं हाक मारली व्हती," त्या म्हणाल्या. "आपुन घागरी घिऊन आलाव. तिचा काय गुन्हा हाय?"

त्या माणसांत हणमंतराव होता. तो मागे वळून निघून गेला. बाकीच्यांनी मला उतरवले, पण नेले नाही. शाळेच्या बंद खोलीत, खिचडीच्या मोठ्या पातेल्याजवळ, पोत्यात बांधून ठेवून दिले. तिथे मी काही वर्षे होते. समुद्राच्या तळापेक्षा ती खोली जास्त शांत होती.

आई गेल्यावर ऋतुजाने अभ्यास सोडला नाही. इकडे जागा मिळाली नाही म्हणून ती रशियात शिकायला गेली. तिथून ती आजीला फोन करी, आणि फोनमध्ये तोंड दिसे. एक दिवस तिने विचारले की मोप अजून आहे का, आणि तिच्यावरची अक्षरे दाखवायला सांगितले. केवळाबाईंनी पोते सोडले. चिंच आणि राख लावून मला घासले. मत्वेयनंतर माझ्या अंगावरून इतक्या सावकाश कोणाचा हात फिरला नव्हता. मग त्यांनी फोन माझ्या पोटासमोर धरला.

ऋतुजाने तिकडून एकेक अक्षर पुटपुटत वाचले.

"आज्जी, हे मोप न्हाई. ही इंग्रजी अक्षरंच न्हाईत, रशियन हायती. इकडं ते पी-सारखं अक्षर र म्हणून वाचतेत. हे मोरे हाय."

"मोरे? आपल्या गावातले मोरे?"

"न्हाई गं. मोरे म्हंजे समुद्र."

केवळाबाईंनी फोन खाली केला आणि माझ्याकडे पाहिले. मी इथे आल्यापासून माझ्याकडे असे कोणी पाहिले नव्हते.

"समुद्र," त्या म्हणाल्या. "आन् माझी पुनम गुडघाभर पान्यात गेली."

तिकडे ऋतुजा रडत होती. केवळाबाई रडल्या नाहीत. थोड्या वेळाने त्या म्हणाल्या की नाव चुकीचे वाचले त्याचे काही नाही, नावाने कोणी मरत नाही. दुसऱ्या दिवशी त्या हणमंतरावाच्या दारात गेल्या आणि मला आडाजवळ टांगून दे म्हणाल्या. त्याने खांब रोवले. नवा दोर बांधला. केवळाबाईंनी गावाला एकच गोष्ट सांगितली: ही आता टँकरला वाजायची नाही, माणूस पडला तरच वाजेल. लोकांनी माना डोलावल्या.

माना डोलवणे सोपे असते. पुनमच्या श्राद्धाच्या दिवशी भर दुपारी केवळाबाई आडाशी आल्या आणि कोणाला न सांगता त्यांनी माझा दोर धरला. त्यांना काय पाहायचे होते ते मला कळले, आणि मला भीती वाटली. मी वाजले.

पहिल्यांदा बाया आल्या. हातात घागरी होत्या. टँकरचा निरोप आता मोबाईलवर येतो हे त्यांना ठाऊक होते, मी कशासाठी आहे तेही ठाऊक होते. पण इतक्या वर्षांची सवय, हात आपोआप घागरीकडे गेले. आडाजवळ येऊन त्यांनी आपल्या हातांकडे पाहिले आणि त्या जिथल्या तिथे उभ्या राहिल्या. घागर खाली ठेवायलाही कोणाला सुचेना.

मग हणमंतराव आला. अनवाणी, पळत, खांद्यावर दोराचे वेटोळे. त्याने आडात पाहिले. आडात कोणी नव्हते. त्याने केवळाबाईंकडे पाहिले.

"आज कुनी पडलं न्हाई, हणमंता," त्या म्हणाल्या.

तो काठावर खाली बसला. दोर त्याच्या मांडीवर होता.

"आज आलो म्या, काकू."

"हाव," केवळाबाई म्हणाल्या. "आज आलास."

हणमंतरावाने दोर परत खांद्यावर घेतला. काही बोलून पुनम येणार नव्हती.

तेव्हापासून मी वाजलेले नाही. वाऱ्याने आसाचा तुकडा हलू नये म्हणून केवळाबाई तो चिंधीने बांधून ठेवतात, आणि घाईत एका ओढीने सुटेल अशीच गाठ मारतात. माझ्या अंगावर पुन्हा हिरवा थर चढू लागला आहे. येणारी-जाणारी पोरे 'मोप' म्हणून मला खडा मारतात. ऋतुजा डॉक्टर होऊन येईल तेव्हा माझे खरे नाव त्यांना सांगेल, न सांगितले तरी माझे अडत नाही. मला कोणत्याही नावाने हाक मारा, मित्रांनो. मला घासू नका, पुजू नका, माझ्यावर फुले वाहू नका. पण मी वाजले आणि तुमच्या कानावर आले, तर कशासाठी वाजते आहे ते घरात बसून ठरवू नका. घागर घरीच राहू द्या. आधी या.